ऑटोकॅड अपग्रेड झालं, आता रोजच्या कमांड शोधायच्या कुठे?

आडवी_रेघ

मंडळी, जरा मदत करा. इतकी वर्षं ऑटोकॅड २०१० या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरवर काम करत होतो, तेही क्लासिक वर्कस्पेस (स्क्रीनची मांडणी) लावून, म्हणजे वर मेनू, दोन्ही बाजूंना टूलबार आणि खाली कमांड लाईन, बास. आता मशीन बदललं आणि आयटीवाल्यांनी थेट २०२४ टाकून दिलंय. उघडलं तर वरती हे भलंमोठं रिबन (टॅब आणि बटणांची रुंद पट्टी), मेनू गायब, टूलबार गायब, गिअरच्या चिन्हावर क्लिक करून वर्कस्पेसची यादी बघितली तर त्यात क्लासिक नावाचं काही नाहीच, ड्राफ्टिंग अँड ॲनोटेशन आणि थ्रीडीचे दोन एवढंच.

बरं नुसती बटणं हलली असती तर शोधली असती, पण कमांड पण वेगळ्याच वागतायत. ट्रिम दिलं की कटिंग एज (कुठल्या रेघेपाशी कापायचं ते) विचारतच नाही, क्लिक करेल ती रेघ कापतं, कधी तर अख्खी उडवतं. हॅचचा (आकारात नक्षी भरायची कमांड) डायलॉग येत नाही. इन्सर्ट (तयार ब्लॉक आणायची कमांड) दिलं की बाजूला एक पॅलेट उघडतं. ॲरेचा (एकाच्या अनेक प्रती ओळीत मांडायची कमांड) डायलॉग नाही. टेक्स्ट एडिट करून एंटर मारलं तरी कमांड संपत नाही, पुढचं टेक्स्ट निवडा म्हणतं. ड्रॉइंग द्यायची आहेत आणि मी दिवसभर बटणं शोधत बसलोय.

जुनं मशीन अजून कोपऱ्यात पडलंय पण ते लवकरच नेणार आहेत, त्यातलं काही वाचवायचं असेल तर आत्ताच सांगा.

मोजपट्टी

आधी मेनू परत आणा म्हणजे श्वास घ्यायला जागा होईल. कमांड लाईनवर मेनूबार टाइप करा, एंटर, मग १, एंटर. फाइल, एडिट, व्ह्यू, इन्सर्ट, फॉरमॅट, टूल्स, ड्रॉ सगळं जसंच्या तसं वर येईल. नाहीतर डाव्या कोपऱ्यात सगळ्यात वर जी छोटी बटणांची पट्टी आहे (न्यू, ओपन, सेव्ह वगैरे) तिच्या टोकाला बारीकसा बाण आहे, त्यात शो मेनू बार आहे.

इथे नावं देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थात इंग्रजी स्पेलिंग आणि सगळं सलग. मधे स्पेस देऊ नका, ऑटोकॅडमध्ये स्पेस म्हणजे एंटरच.

आडवी_रेघ

आला!! मेनू आला. अर्धा जीव भांड्यात पडला. टूलबारचं काय?

टीस्क्वेअर

क्लासिक वर्कस्पेस २०१५ च्या व्हर्जनपासून काढून टाकलंय, त्यामुळे यादीत शोधू नका, सापडणार नाही. पण काढलाय तो फक्त तयार मांडलेला संच, त्यातले टूलबार सगळे अजून आत आहेत. आपला आपण परत मांडायचा. मी प्रत्येक नवीन मशीनवर पहिलं काम हेच करतो.

मेनू आलाय ना, आता टूल्स मेनूत जा, त्यात टूलबार्स, त्यात ऑटोकॅड, आणि मग जी लांबलचक यादी उघडते त्यातून एकेक निवडत जा. स्टँडर्ड, स्टाइल्स, लेयर्स, प्रॉपर्टीज हे चार वरती, ड्रॉ डावीकडे, मॉडिफाय उजवीकडे, आणि डायमेन्शन लागत असेल तर तो. पहिला टूलबार आला की परत परत मेनूत जायची गरज नाही, त्याच्यावरच राइट क्लिक केलं की तीच यादी येते. ओढून कडेला नेलं की चिकटतो. मग रिबनक्लोज टाइप करून रिबन घालवा, हवं असलं तर रिबन टाइप केल्यावर परत येतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, हे झालं की सेव्ह करा. गिअरवर क्लिक करून सेव्ह करंट ॲज, नाव काहीही द्या, माझं नाव "जुनं" आहे. लोक इथपर्यंत सगळं नीट करतात, सेव्ह करत नाहीत, मग कोणीतरी वर्कस्पेस बदललं की सगळी मांडामांड जाते आणि परत आपल्यालाच विचारायला येतात.

रिबन बंद केल्याचा अजून एक फायदा आहे जो बऱ्याच जणांना माहीत नसतो. हॅच आणि एमटेक्स्ट (अनेक ओळींचं टेक्स्ट) या दोन्ही कमांड आधी बघतात की रिबन चालू आहे का. चालू असेल तर आपले पर्याय रिबनमध्ये दाखवतात, बंद असेल तर हॅचचा जुना डायलॉग आणि एमटेक्स्टची जुनी फॉरमॅटिंग पट्टी आपोआप येते. तुमच्या तक्रारीतली हॅचवाली इथेच मिटली.

कंपासपेटी

टीस्क्वेअर, तुम्ही सांगितलंत ते सगळं बरोबर आहे पण मी असं करायला सांगणार नाही, निदान रिबन पूर्ण बंद करायला तरी नाही. कारण २०१० नंतर जे जे आलंय त्यातलं बरंचसं जुन्या टूलबारवर नाहीये. पीडीएफ इम्पोर्ट २०१७ ला आलं, सेंटर मार्क आणि सेंटरलाईन तेव्हाच आली, डिम नावाची एकच कमांड जी कर्सर कशावर आहे ते बघून लिनियर की रेडियस ते स्वतः ठरवते ती २०१६ ची. जुनी मांडणी लावून बसलात तर ही कधी नजरेलाच पडणार नाहीत, आणि मग पुढच्या अपग्रेडला आजच्यापेक्षा मोठी दरी.

रेघभाऊ, तुम्ही टाइप करता की बटणं दाबता? कारण उत्तर त्यावर आहे. टाइप करणाऱ्याला अपग्रेडचा त्रास फार कमी होतो. एल, सी, टीआर, एम, सीओ, ओ, एफ हे तेव्हाही तेच होते आणि आताही तेच आहेत. बटणवाल्यांचा पत्ता बदलतो.

आडवी_रेघ

ताई, निम्मं निम्मं. लाईन, मूव्ह, कॉपी टाइप करतो, बाकीचं हात आपोआप जायचा त्या जागी. काही कमांडचं तर नावच माहीत नाही, चित्र माहीत आहे फक्त.

कंपासपेटी

मग नाव शोधायची युक्ती सांगते. जुन्या मशीनवर (नेलं नाहीये तोवर) त्या त्या बटणावर क्लिक करा आणि कमांड लाईनकडे बघा, नाव तिथे उमटतं. एफ२ दाबलं की मागचं सगळं एका खिडकीत दिसतं, ते कॉपी करून घ्या, तुमच्या रोजच्या कमांडची यादी आयती तयार. नवीन व्हर्जनमध्ये तर रिबनच्या कुठल्याही बटणावर कर्सर थोडा वेळ नुसता ठेवला तरी टूलटिपमध्ये कमांडचं नाव येतं.

उलटं, म्हणजे नाव माहीत आहे पण बटण कुठे आहे ते नाही, तर दोन रस्ते. डाव्या कोपऱ्यातल्या मोठ्या ए वर क्लिक करा, वरती शोधायची चौकट आहे, तिथे नाव लिहा. दुसरा रस्ता मला जास्त आवडतो, हेल्पमध्ये त्या कमांडच्या पानावर जा, तिथे बटणाच्या चित्राशेजारी फाइंड असं लिहिलेलं असतं, त्यावर क्लिक केलं की तुमच्या स्क्रीनवर एक बाण येऊन रिबनमधली नेमकी जागा दाखवतो. आणि कमांड चालू असताना एफ१ दाबलं तर हेल्प थेट त्याच कमांडच्या पानावर उघडतं, शोधायलाही नको.

जुना_ड्राफ्ट्समन

चालू द्या तुमचं रिबन पुराण. मी रिलीज १४ पासून बघतोय, दर काही वर्षांनी बटणं इकडची तिकडे होतात आणि दर वेळी हाच गोंधळ. २००९ ला रिबन आलं तेव्हाही हेच, त्याच्या आधी २००६ ला सीयूआय (मेनू, टूलबार बदलायची नवी पद्धत) आलं आणि जुन्या मेनू फाइल गेल्या तेव्हाही हेच. टाइप करा आणि सुखी राहा.

मोजपट्टी

काका आले 😄 तुमची पीजीपी फाइल (कमांडच्या लघुरूपांची) इथे दिलीत तर आमचं भलं होईल.

जुना_ड्राफ्ट्समन

माझी घेऊन काय करणार, तुमचे हात वेगळे. कशी करायची ते सांगतो.

मॅनेज टॅबमध्ये एडिट अलायसेस आहे, त्याने एकॅड डॉट पीजीपी ही फाइल नोटपॅडमध्ये उघडते. प्रत्येक ओळीत आधी तुमचं लघुरूप, मग स्वल्पविराम, मग थोडी जागा सोडून तारांकन आणि त्याला चिकटून पूर्ण कमांड. एवढंच. वरच्या ओळी खोडत बसू नका. फाइलच्या अगदी शेवटी आपले अलायस लिहायला वेगळी जागा ठेवलेली आहे तिथे लिहा, एकच लघुरूप दोनदा आलं तर शेवटचं चालतं. म्हणजे तुम्हाला सी ला सर्कलऐवजी कॉपी हवं असेल तर वरच्या ओळीला हात न लावता खाली लिहा, तुमचं चालेल. पुढच्या अपग्रेडला तेवढाच शेवटचा तुकडा कापून नव्या फाइलमध्ये चिकटवायचा. जुनी अख्खी फाइल नव्यावर टाकू नका, त्यात नवीन कमांडची लघुरूपं नसतात.

सेव्ह करून ऑटोकॅड बंद करून उघडावं लागतं असं समजतात लोक. नको. रीइनिट टाइप करा, पीजीपी फाइलच्या चौकटीत टिक, ओके. लगेच लागू.

आडवी_रेघ

काका _/\_ हे भारी आहे. पण माझं ट्रिमचं कोणी सांगितलंच नाही हो, मी अजून घाबरत घाबरत ट्रिम करतोय, प्रत्येक क्लिकला कंट्रोल झेड.

लिस्पवेडा

तुमच्या सगळ्या "वेगळ्या वागणाऱ्या" कमांड एकदम घेतो. मुद्दा असा की नवीन व्हर्जनमध्ये वागणूक बदलली की बहुतेक वेळा एक सिस्टिम व्हेरिएबल (नाव टाइप करून किंमत बदलायची सेटिंग) पण ठेवलेला असतो जुनी वागणूक परत आणायला, फक्त तो कुठे लिहून लावलेला नसतो.

ट्रिम आणि एक्स्टेंड: २०२१ पासून क्विक मोड हा डीफॉल्ट आहे. त्यात ड्रॉइंगमधलं सगळंच कटिंग एज धरलं जातं म्हणून विचारत नाही. आणि जी रेघ कशालाच छेदत नाही तिच्यावर क्लिक केलं तर कापायला काही नसल्यामुळे ती पुसली जाते, म्हणून तुमच्या रेघा उडतायत. ट्रिमएक्स्टेंडमोड टाइप करा, किंमत ० द्या, जुनं ट्रिम परत, आधी एज निवडा एंटर मारा मग कापा. पण माझं ऐकाल तर लगेच ० करू नका. क्विक मोडमध्ये मोकळ्या जागेत एक क्लिक आणि पलीकडे दुसरं क्लिक केलं की मधल्या काल्पनिक रेषेला जेवढं लागेल तेवढं सगळं एका दमात कापलं जातं. जाळीसारख्या ड्रॉइंगमध्ये, कॉलम ग्रिड म्हणा किंवा जिन्याच्या पायऱ्या म्हणा, याच्या पुढे जुनं ट्रिम म्हणजे शिक्षा वाटते. आणि शिफ्ट दाबून ठेवलं की ट्रिमचं एक्स्टेंड होतं, ते पूर्वीसारखंच आहे. जिथे ठरावीक एजच हवी तिथे त्याच कमांडमध्ये कटिंग एजेसचा पर्याय आहेच.

टेक्स्ट: टेक्स्टएडिटमोड १ करा. ० असलं की एकामागून एक टेक्स्ट एडिट करत राहता येतं, १ असलं की एक झालं की कमांड संपते.

हॅच: टीस्क्वेअरनी सांगितलं तसं रिबन बंद केलं तर डायलॉग येतोच, पण रिबन ठेवूनही हवा असेल तर एचपीडीएलजीमोड ची किंमत १. मूळ किंमत २ असते, म्हणजे रिबन नसेल तरच डायलॉग.

ॲरे: ॲरेक्लासिक टाइप करा, जुना डायलॉग येतो. रोज लागत असेल तर काकांच्या पद्धतीने एआर ला तोच जोडून टाका. नवीन ॲरे असोसिएटिव्ह असतो, म्हणजे सगळा मिळून एकच ऑब्जेक्ट, नंतर ओळी, अंतर बदलता येतं. सुटे ऑब्जेक्ट हवे असतील तर ॲरेअसोसिएटिव्हिटी ० करा.

इन्सर्ट: २०२० पासून ब्लॉक्स पॅलेट उघडतं. जुन्यासाठी क्लासिकइन्सर्ट.

आता एक गंमत. कमांड लाईनवर नुसतं क्लासिक लिहून थांबा, एंटर मारू नका. वर जी यादी उघडते त्यात नावात हा शब्द असलेल्या सगळ्या कमांड येतात, लेयरचा जुना डायलॉग, एक्सरेफचा (बाहेरून जोडलेल्या ड्रॉइंगचा), इमेजचा, इन्सर्टचा, आणि शब्द शेवटी असला तरी, म्हणजे ॲरेक्लासिक पण. त्यासाठी मिड स्ट्रिंग सर्च चालू असलं पाहिजे, कमांड लाईनवर राइट क्लिक करून इनपुट सेटिंग्जमध्ये सापडेल. नाव अर्धवट आठवत असेल तेव्हाही हेच वापरा, मधला कुठलाही तुकडा लिहिला तरी चालतो. यादीत ज्यांच्यापुढे वेगळं चिन्ह दिसतं ते सिस्टिम व्हेरिएबल, बाकीच्या कमांड.

नवशिका

मधेच विचारतो, माफ करा. माझं रिबनच गेलंय. म्हणजे टॅबची नावं दिसतात, होम इन्सर्ट वगैरे, पण खाली बटणं नाहीत. टॅबवर क्लिक केलं तर क्षणभर दिसतं आणि जातं.

मोजपट्टी

कुठल्यातरी टॅबवर डबल क्लिक झालंय. परत डबल क्लिक करत राहा, ते एकेक पायरीने लहान मोठं होतं, पूर्ण उघडलं की थांबा. टॅबच्या ओळीच्या उजव्या टोकाला छोटा बाण आहे त्यानेही तेच होतं.

आणि सगळंच गेलं, रिबन, टूलबार काहीच नाही, तर कंट्रोल आणि शून्य दाबलं गेलंय, क्लीन स्क्रीन म्हणतात त्याला, परत तेच दाबा. कमांड लाईन एकटीच गेली तर कंट्रोल ९.

नवशिका

आलं!! धन्यवाद. मी रीइन्स्टॉल करायला निघालो होतो.

कंपासपेटी

रीइन्स्टॉलची वेळ आलीच तर त्याआधी स्टार्ट मेनूत ऑटोकॅडच्या गटात रीसेट सेटिंग्ज टू डीफॉल्ट आहे, ते करून बघत जा. आधी बॅकअप घ्यायचा का ते तेच विचारतं, हो म्हणा.

आता ज्या गोष्टी रिबनमध्ये आहेत पण लपलेल्या आहेत त्यांचं सांगते, कारण "नवीन व्हर्जनमध्ये ही कमांड काढून टाकली" असं जे लोक म्हणतात त्यातली बरीचशी इथेच असते. प्रत्येक पॅनेलच्या खाली जिथे नाव लिहिलंय, ड्रॉ, मॉडिफाय, तिथे एक बारीक त्रिकोण असतो. त्यावर क्लिक केलं की पॅनेलचा खालचा कप्पा उघडतो. डिव्हाइड, मेझर, डोनट ड्रॉच्या कप्प्यात. ड्रॉ ऑर्डर मॉडिफायच्या कप्प्यात. लिस्ट कुठे असेल असं वाटतं? प्रॉपर्टीज पॅनेलच्या कप्प्यात. कप्प्याच्या कोपऱ्यात टाचणी आहे, ती दाबली की कप्पा उघडाच राहतो, सुरुवातीचे दिवस टाचणी लावूनच ठेवा.

ओव्हरकिल एक्सप्रेस टूल्समध्ये (ऑटोकॅडसोबत येणाऱ्या जादा कमांड) शोधत असाल तर ते २०१२ ला मूळ ऑटोकॅडमध्ये घेतलं, आता मॉडिफायच्या त्याच कप्प्यात आहे, डिलीट डुप्लिकेट ऑब्जेक्ट्स या नावाने. टाइप मात्र ओव्हरकिलच करायचं.

लेआउट नावाचा टॅब तर फारच फसवतो. व्ह्यूपोर्टची (पानावर ड्रॉइंग दाखवणाऱ्या चौकटींची) बटणं तिथे आहेत, पण तो टॅब तुम्ही लेआउटमध्ये (प्रिंटचं पान मांडतो तिथे) असाल तेव्हाच दिसतो, मॉडेलमध्ये असताना कितीही शोधलं तरी नाही. यूसीएसचं (आपले अक्ष ठरवायची सोय) पॅनेल व्ह्यू टॅबमध्ये असतं पण सुरुवातीला बंद असतं, त्या टॅबच्या कुठल्याही पॅनेलवर राइट क्लिक, शो पॅनेल्स, कोऑर्डिनेट्सला टिक. आणि एमलाईन, म्हणजे मल्टिलाईन, तर रिबनवर कुठेच ठेवलेली नाही, पण एमएल टाइप केलं की आजही चालते, ड्रॉ मेनूतही आहे.

टीस्क्वेअर

म्हणजे बघा, एमलाईन मेनूत आहे, रिबनवर नाही. मी काय वेगळं म्हणत होतो 😏

कंपासपेटी

मेनूला माझी ना नव्हतीच! मेनू ठेवा, रिबन पण ठेवा, एवढंच म्हणणं. मी मेनूबार १ च ठेवते कायम, एका ओळीची तर जागा जाते.

टीस्क्वेअर

छोट्या लॅपटॉपवर रिबन, मेनू, फाइल टॅब सगळं ठेवलं तर ड्रॉइंगला खिडकीएवढी जागा उरते हो ताई. दोन मॉनिटरवाल्यांनी आम्हाला शिकवू नये.

कंपासपेटी

मग रिबन मिनिमाइज करा पॅनेलच्या नावांपर्यंत, बंद कशाला. असो. ज्याची त्याची मांडणी.

सूत_दोरा

आमच्याकडे एकाच मशीनवर दोघंतिघं बसतात, एकाला जुनं हवं, एकाला रिबन. दोन वर्कस्पेस करून ठेवलेत वेगवेगळ्या नावांनी, गिअरवरून बदलतात, भांडण नाही. पण लक्षात ठेवा, वर्कस्पेस म्हणजे फक्त मांडणी, ट्रिमएक्स्टेंडमोड वगैरे किमती त्यात येत नाहीत. एकाने ० केलं की दुसऱ्यालाही तेच.

लिस्पवेडा

त्यावर उपाय आहे सूत_दोरा. ज्याला ज्या किमती हव्यात त्या त्याच्या नावाच्या छोट्या लिस्प फाइलमध्ये (लिस्प म्हणजे ऑटोकॅडमध्ये छोटे प्रोग्राम लिहायची भाषा) लिहा, सेटव्हार च्या दोनचार ओळी, आणि बसल्या बसल्या ती कमांड चालवायची. डीफन करून सी कोलन आणि पुढे आपलं नाव. मी असंच करतो.

रेघभाऊ, जुनं मशीन नेण्याआधीचं आता सांगतो, हे आजच करा.

जुन्या ऑटोकॅडमध्ये ऑप्शन्स उघडा, पहिला टॅब फाइल्स. त्यात सपोर्ट फाइल्सचे पाथ लिहिलेले असतात आणि कस्टमायझेशन फाइल्सखाली मुख्य सीयूआयएक्स फाइलचा (मेनू, टूलबारची मांडणी असलेली) पत्ता असतो. ती सीयूआयएक्स आणि त्याच फोल्डरमधली पीजीपी पेनड्राइव्हवर घ्या. मग प्रोफाइल्स टॅबमध्ये एक्स्पोर्ट, एआरजी फाइल तयार होते, ती नुसती संदर्भासाठी ठेवा, २०२४ मध्ये थेट इम्पोर्ट करू नका, त्यात जुन्या व्हर्जनचे पाथ असतात आणि मग नवीनच त्रास. त्यानंतर स्टाइल्समॅनेजर टाइप करा, प्लॉट स्टाइलचं फोल्डर उघडेल, सगळ्या सीटीबी (प्लॉट स्टाइलच्या फाइल) घ्या. प्लॉटरमॅनेजर टाइप करून पीसी३ (प्लॉटरच्या सेटिंगच्या फाइल) पण. या राहिल्या तर प्रिंटच्या रेघांची जाडी परत जुळवत बसावं लागतं आणि ते बटणं शोधण्यापेक्षा वाईट काम आहे. लिस्प फाइल असतील तर त्या, आणि टेम्प्लेट, डीडब्ल्यूटी.

नवीन मशीनवर सीयूआय टाइप करा, ट्रान्सफर टॅबमध्ये जा. दोन भाग दिसतील, एका बाजूला आत्ताची फाइल, दुसऱ्या बाजूला पेनड्राइव्हवरची जुनी उघडा. जुन्यातले तुमचे स्वतः बनवलेले टूलबार तेवढे ओढून इकडे टाका. क्लासिक वर्कस्पेस पण त्यात दिसेल, ओढता येतं, पण ते ओढण्यापेक्षा टीस्क्वेअर म्हणतात तसं हाताने मांडलेलं बरं, जुन्या वर्कस्पेसमध्ये रिबनच्या नवीन टॅबची नोंद नसते. जुनी सीयूआयएक्स नव्याच्या जागी कॉपी पेस्ट मात्र कधीही करू नका.

लिस्प लोड करताना इशाऱ्याची खिडकी आली तर दचकू नका. २०१४ पासून विश्वासातल्या फोल्डरबाहेरची फाइल असली की ते विचारतं. ऑप्शन्स, फाइल्स, ट्रस्टेड लोकेशन्स, तिथे तुमचं लिस्पचं फोल्डर जोडा. सिक्युअरलोड ० करून गप्प बसवणारे पण आहेत, ते नका करू, बाहेरून आलेल्या फोल्डरमधल्या नको त्या लिस्प फाइलपासून तेवढंच संरक्षण आहे.

शून्य_टॉलरन्स

सॉलिडवर्क्सवाल्यांसाठी थोडं अवांतर. तिथे वर उजवीकडे शोधायची चौकट असते, ती कमांडवर ठेवून नाव लिहिलं की कमांड तिथूनच चालवता येते आणि शेजारच्या चिन्हाने ती कुठे आहे ते लाल बाणाने दाखवते. कर्सरजवळ एस दाबलं की छोटा शॉर्टकट बार येतो त्यात आपल्या कमांड भरून ठेवायच्या. आणि अपग्रेडच्या आधी कॉपी सेटिंग्ज विझार्डने कीबोर्ड शॉर्टकट, टूलबार सगळं एका फाइलमध्ये सेव्ह करून नवीनमध्ये रिस्टोअर. फ्रीकॅडमध्ये वेगळीच तऱ्हा, टूलबार वर्कबेंचप्रमाणे बदलतात, त्यामुळे कमांड गेली असं वाटलं की आधी कुठल्या वर्कबेंचमध्ये आहोत ते बघायचं.

नवशिका

परत मीच. काल एका मित्राकडून आणलेली लिस्प चालवली, ती मधेच बंद पडली. तेव्हापासून ओपन किंवा सेव्ह ॲज दिलं की खिडकीच उघडत नाही, खाली कमांड लाईनवर फाइलचं नाव टाइप करा म्हणतं. ही पण नवीन व्हर्जनची पद्धत आहे का?

लिस्पवेडा

नाही रे बाबा. फाइलडाया टाइप कर, १ दे. बऱ्याच लिस्प आधी ते ० करतात आणि काम झालं की १, मधेच बंद पडली की ० च राहतं. जुन्या व्हर्जनमध्येही हेच व्हायचं.

असे परस्पर बदलणारे व्हेरिएबल सापडत नसतील तर सिसव्हारमॉनिटर लावून ठेव, यादीतलं काही बदललं की ते सांगतं आणि मूळ किंमत परत आणता येते. २०१६ पासून आहे.

जुना_ड्राफ्ट्समन

आणि अनोळखी लिस्प चालवायची नाही.

आडवी_रेघ

अपडेट देतो. जुन्या मशीनवरून सगळं काढून घेतलं. सीटीबी टाकल्या, प्रिंट जशीच्या तशी आली, लिस्पवेडा तुमचे उपकार. मेनू लावलाय, ड्रॉ आणि मॉडिफाय टूलबार लावलेत, रिबन ठेवलंय पण नुसती पॅनेलची नावं. म्हणजे टीस्क्वेअर आणि ताई दोघांचंही अर्धं अर्धं ऐकलं. ट्रिम आधी ० केलं होतं, मग ती दोन क्लिकवाली फेन्स करून बघितली आणि गुपचूप परत १ केलं.

दोन गोष्टी राहिल्यात. एक, खाली स्टेटस बारमध्ये ऑर्थो (रेघ आडवी-उभीच), ओस्नॅप (नेमक्या बिंदूला चिकटणं) अशी अक्षरं लिहिलेली बटणं होती ती कुठे गेली, आता सगळी चित्रंच आहेत, आणि कोऑर्डिनेट पण दिसत नाहीत. दोन, विंडो सिलेक्शनसाठी माऊस दाबून ओढायची सवय आहे, तर चौकोनाऐवजी वेडावाकडा आकार येतो.

मोजपट्टी

अक्षरांची बटणं २०१५ पासून नाहीत, ती परत येत नाहीत. एफ३ ओस्नॅप, एफ८ ऑर्थो, एफ१० पोलर, हेच हाताला लावून घ्या. कोऑर्डिनेटसाठी स्टेटस बारच्या उजव्या टोकाला तीन आडव्या रेघांचं चिन्ह आहे, त्यावर क्लिक करा, जे जे दाखवायचं त्याला टिक. डायनॅमिक इनपुटचं बटण पण तिथेच लपवलेलं असतं.

वेडावाकडा आकार म्हणजे लॅसो, तोही २०१५ चा. ऑप्शन्समध्ये सिलेक्शन टॅब, त्यात अलाऊ प्रेस अँड ड्रॅग फॉर लॅसो, टिक काढा.

आडवी_रेघ

दोन्ही झालं. अजून एक शेवटचं, आज सकाळी उघडलं तर मॉडिफाय टूलबार उजवीकडून नाहीसा झाला होता. वर्कस्पेस सेव्ह केलेलं आहे, नाव पण दिलंय.

टीस्क्वेअर

सेव्ह केल्यानंतर कोणीतरी तो बंद केलाय आणि ती नवी मांडणी तशीच राहिलीय. गिअरवरून तुमच्या वर्कस्पेसच्या नावावर परत क्लिक करा, सेव्ह केलेली मांडणी येईल. मग तिथेच वर्कस्पेस सेटिंग्ज उघडून बघा, खाली दोन पर्याय आहेत, बदल आपोआप सेव्ह करा किंवा करू नका. "करू नका" वर ठेवा, म्हणजे दिवसभर काहीही उघडलं मिटलं तरी नावावर क्लिक केलं की आपलं मूळचं परत. आपोआपवर असेल तर बिघडलेलीच मांडणी सेव्ह होते, मग टूलबार परत लावून त्याच नावाने सेव्ह करा. आणि टूलबार जागच्या जागी बसले की लॉकचं चिन्ह आहे त्यातून डॉक केलेले टूलबार लॉक करून टाका, चुकून ओढले जाणार नाहीत. लॉकचं चिन्ह दिसत नसेल तर मोजपट्टीने सांगितलेल्या त्या तीन रेघांमध्ये बघा, लॉक यूआय नावाने आहे.